एका तारखेवर किती जण?

"टिळक गेले त्याच दिवशी अण्णाभाऊ साठे जन्मले. असं कसं?"

१ ऑगस्टला शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा तहसील कचेरीत दोन तसबिरी शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. दोन्हींना हार घातलेले असतात. एकीकडे पुण्यतिथी, दुसरीकडे जयंती. वक्त्यांची सोय होते, कारण एक तारा मावळला आणि दुसरा उगवला ही उपमा आयतीच हाताशी असते. पोरांना मात्र उपमेने समाधान होत नाही. दोघांचा दिवस एक, महिना एक आणि वर्षही एक, १९२०. मग यात काहीतरी असलंच पाहिजे, असं त्यांना वाटतं. मोठ्यांनाही वाटतं, पण ते विचारत नाहीत.

या प्रकरणात तोच प्रश्न घेऊ. तारखा जुळतात तेव्हा त्या नेमक्या कशामुळे जुळतात?

१. तीनशे सहासष्ट खण

पोस्टात पत्रं लावायचं खणांचं कपाट असतं, तसं कॅलेंडर समजा. लीप वर्ष धरून खण ३६६. जगात कधीही, कुठेही काहीही घडलं की त्याची चिठ्ठी यातल्या एका खणात टाकायची. कपाट मोठं करता येत नाही आणि चिठ्ठ्या थांबत नाहीत.

१ ऑगस्टच्या खणात हात घातला तर काय निघतं? १७४४ साली या दिवशी उत्क्रांतीचा विचार डार्विनच्या आधी मांडणारा लामार्क जन्मला. १७७४ साली जोसेफ प्रीस्टलीने पाऱ्याच्या लाल भस्मावर भिंगाने ऊन पाडलं आणि निघालेला वायू गोळा केला. तोच पुढे ऑक्सिजन म्हणून ओळखला गेला. १८१९ साली ‘मोबी डिक’चा लेखक हर्मन मेलविल जन्मला. १८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा अमलात आला. १९१४ मध्ये जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. शिवाय १९२० सालच्या आपल्या दोन चिठ्ठ्या आहेतच.

हे वाचून १ ऑगस्ट ही काही खास तारीख असावी असं वाटेल. म्हणून शेजारचे खण बघू. ३१ जुलैला प्रेमचंद जन्मले (१८८०), उधमसिंग फासावर गेले (१९४०) आणि मोहम्मद रफी गेले (१९८०). प्रेमचंदांचा जन्म आणि रफींचा मृत्यू यांत बरोबर शंभर वर्षांचं अंतर आहे. २ ऑगस्टला रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय जन्मले (१८६१) आणि टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल गेले (१९२२). एकही खण रिकामा नाही. दिनविशेषाच्या पुस्तकात पाच हजार नोंदी असल्या तर प्रत्येक तारखेला सरासरी तेरा-चौदा येणारच.

आता टिळक आणि अण्णाभाऊंकडे वळू. त्या काळी हिंदुस्थानची लोकसंख्या ३१ कोटींच्या आसपास होती आणि वर्षाला हजार माणसांमागे साधारण ४५ मुलं जन्मत. म्हणजे वर्षाला सुमारे १ कोटी ४० लाख, दिवसाला ३८ हजारांच्या घरात. मुंबईत सरदारगृहात टिळकांनी प्राण सोडले त्या दिवशी देशात इतकी बाळं जन्मली. त्यातलं एक वाटेगावात, तेव्हाच्या सातारा आणि आताच्या सांगली जिल्ह्यात जन्मलं. पुढे चाळीसेक वर्षांनी त्याने ‘फकिरा’ लिहिली, तेव्हा कुठे ती तारीख जुळली. उरलेल्या हजारो बाळांच्या तारखाही जुळत होत्याच. त्यांची दखल घ्यायचं कुणाला कारण पडलं नाही.

स्टीफन हॉकिंग यांचं उदाहरण मला यासाठी फार आवडतं. ते ८ जानेवारी १९४२ रोजी जन्मले. त्याच्या बरोबर तीनशे वर्षं आधी, ८ जानेवारी १६४२ ला, गॅलिलिओ गेला होता. हॉकिंग हे स्वतःच सांगत आणि त्याच दिवशी आणखी दोनेक लाख मुलं जन्मली असतील, हेही लगेच जोडत.

२. तेवीस जणांचा वर्ग

"पण आमच्या ऑफिसात चाळीसच माणसं आहेत, तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. खण तर ३६६ आहेत!"

ही शंकाही नेहमीची. इथे एक साधा हिशोब उपयोगी पडतो. २९ फेब्रुवारी सोडून देऊ, म्हणजे खण ३६५. खोलीत पहिला माणूस आला, त्याची तारीख काहीही असो. दुसऱ्याची वेगळी असण्याची शक्यता ३६५ पैकी ३६४. तिसऱ्याची पहिल्या दोघांपेक्षा वेगळी असण्याची ३६५ पैकी ३६३. असे अपूर्णांक एकमेकांना गुणत गेलं की गुणाकार घसरत जातो. तेविसाव्या माणसाला तो निम्म्याखाली उतरतो, सुमारे ४९.३ टक्क्यांवर. म्हणजे २३ जणांत कुणाची तरी जोडी जुळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. ५० मुलांच्या वर्गात ती ९७ टक्के होते.

आपली चूक माणसं मोजण्यात होते. मोजायच्या असतात जोड्या. २३ माणसांत प्रत्येकाची बाकी २२ जणांशी जोडी लागते आणि प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते, म्हणून २३ गुणिले २२ भागिले २, म्हणजे २५३ जोड्या. प्रत्येक जोडी जुळण्याची शक्यता ३६५ त एक, पण संधी २५३.

आता प्रश्न थोडा बदला. कुणाचीही जोडी नको, माझ्याच तारखेचा माणूस हवा. मग निम्मी शक्यता गाठायला बाकीची किती माणसं लागतील? २५३. पुन्हा तोच आकडा, आणि तो उगाच आलेला नाही. संधी तेवढ्याच हव्यात. फरक इतकाच की तेव्हा तेवीस माणसांत त्या आपोआप तयार झाल्या आणि आता एकेक माणूस वेगळा आणावा लागतो.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या ४५ जणांत पोक (१७९५) आणि हार्डिंग (१८६५) यांचा वाढदिवस एकच, २ नोव्हेंबर. ४५ जणांत अशी जोडी निघण्याची शक्यता ९४ टक्के असते, तेव्हा ती निघाली यात नवल नाही. आपल्याकडे पंतप्रधानपदावर बसलेल्या, गुलझारीलाल नंदा धरून, पंधरा जणांत एकही जोडी नाही. पंधरा जणांत जुळण्याची शक्यता चारात एक, म्हणजे तेही हिशोबाला धरूनच.

इथे कुणीतरी म्हणेल, २ ऑक्टोबरचं काय? गांधी (१८६९) आणि लालबहादूर शास्त्री (१९०४)? पण गांधी पंतप्रधान नव्हते. जोडी जुळवायला आपण यादीच बदलली! २३ जुलैला टिळक (१८५६) आणि चंद्रशेखर आझाद (१९०६) बरोबर पन्नास वर्षांच्या अंतराने जन्मले, हे सांगतानाही तसंच. ‘स्वातंत्र्यलढ्यातले’ ही यादी आपण जुळणी सापडल्यावर ठरवतो. बाण आधी मारायचा आणि मग त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं, असा हा नेम आहे.

अमेरिकेचंच एक उदाहरण मात्र मला इतक्या सहज झटकता येत नाही. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ४ जुलै १८२६ रोजी पन्नास वर्षं झाली. त्याच दिवशी, काही तासांच्या अंतराने, जॉन अ‍ॅडम्स आणि टॉमस जेफरसन हे दोघे माजी राष्ट्राध्यक्ष गेले. जाहीरनाम्याच्या मसुदा समितीत दोघेही होते. अंथरुणाला खिळलेला जेफरसन ३ तारखेच्या रात्री विचारत होता की चार तारीख लागली का. माणूस मरण तारखेपर्यंत ढकलू शकतो की नाही, यावर मी काही बोलणार नाही. पण निव्वळ फाशांचा खेळ म्हणून हे सोडून देणंही घाईचं होईल. याचं कारण पुढच्या भागात येईल.

३. ठरवून टाकलेल्या चिठ्ठ्या

आतापर्यंत आपण धरून चाललो की चिठ्ठ्या खणांत कशाही पडतात. प्रत्यक्षात पुष्कळ चिठ्ठ्या माणसं हाताने, बघून टाकतात.

१९२९ च्या लाहोर काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचं ध्येय ठरवलं आणि २६ जानेवारी १९३० हा स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला गेला. पुढे स्वातंत्र्य आलं १५ ऑगस्टला. मग जुन्या तारखेचा मान राहावा म्हणून २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेली राज्यघटना पूर्णपणे लागू करायला दोन महिने थांबून २६ जानेवारी १९५० निवडली. १५ ऑगस्टही आपोआप आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानने शरणागती जाहीर केली त्याला १५ ऑगस्ट १९४७ रोजी दोन वर्षं होत होती, आणि माउंटबॅटनच्या डोक्यात तीच तारीख होती. श्री अरविंद मात्र १५ ऑगस्टलाच जन्मले होते, १८७२ साली. त्या खणात ठरवून टाकलेली आणि आपसूक पडलेली अशा दोन्ही चिठ्ठ्या एकत्र आहेत.

१ ऑगस्टचंही तसंच. १९२० सालच्या त्याच दिवशी असहकाराची चळवळ सुरू झाली आणि गांधींनी सरकारला कैसर-ए-हिंद पदक परत केलं. पण ही तारीख जुलैतच जाहीर झाली होती. टिळक नेमके त्याच दिवशी जातील हे कुणाच्या मनात नव्हतं. गांधी मुंबईत होते, अंत्ययात्रेत चालले. गिरगाव चौपाटीवर भर पावसात लाखोंचा जमाव होता. आज आपण तीन गोष्टी एका दमात सांगतो. त्यातली एक ठरवलेली होती, दोन नव्हत्या.

महाराष्ट्रात १ ऑगस्टला महसूल दिनही असतो. त्याचा या कुणाशीच संबंध नाही. महसुली वर्षच १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतं. तलाठ्याच्या दप्तराची ती पाडव्याची तारीख.

४. हेडमास्तरांची तारीख

चिठ्ठ्या टाकणाऱ्यांत महाराष्ट्रात सगळ्यात जास्त काम कुणी केलं असेल तर ते गावोगावच्या हेडमास्तरांनी. साठी-सत्तरीतल्या मंडळींच्या जन्मतारखा विचारून बघा. १ जून, १ जून, पुन्हा १ जून. एखाद्या घरात थोरला, मधला आणि धाकटा, तिघेही १ जूनचे.

कारण सरळ आहे. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला हाताला धरून आणायचा. जन्म कधीचा, तर "मोठा पूर आला त्या साली, हा रांगत होता." जन्माची नोंद बहुधा नसायची, देशभर ती सक्तीची करणारा कायदाच १९६९ सालचा. मास्तर पोराकडे बघत, प्रवेशाला लागणारं वय पुरं होईल असं वर्ष धरत आणि पुढे १ जून लिहीत. एका ओळीत काम संपे.

त्याचा परिणाम अनेक वर्षांनी दिसतो. सरकारी नियमाप्रमाणे कर्मचारी निवृत्तीचं वय पुरं होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, आणि जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून ३१ मे ला कचेऱ्यांमधून निरोप समारंभांची रांग लागते, एकाच दिवशी अनेक खुर्च्या रिकाम्या होतात. इथे वर केलेला तेविसांचा हिशोब चालतच नाही. तिथे आपण सगळे खण सारखेच भरतात असं मानलं होतं. १ जूनचा खण मास्तरांनी केव्हाच ओसंडून टाकला आहे.

५. दिवस कधी बदलतो?

टिळक गेले तेव्हा मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला होता. तासभर आधी गेले असते तर पुण्यतिथी ३१ जुलैला आली असती, आणि तसबिरींचा जोडकार्यक्रम झालाच नसता. शिवाय मध्यरात्री दिवस बदलणं ही घड्याळाची रीत. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. इंग्रजी हिशोबाने ती वेळ रविवारची, पंचांगाच्या हिशोबाने ती शनिवारचीच रात्र.

तिथीचं गणित तर त्याहून निराळं. चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत संपतात, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी तिथी अकरा दिवस मागे सरते. फार मागे जाऊ नये म्हणून अधूनमधून अधिक मास घालतात, १९ वर्षांत सात. १९ गुणिले १२ अधिक ७ म्हणजे २३५ चांद्रमास, आणि २३५ चांद्रमास १९ सौरवर्षांशी दोनेक तासांच्या फरकाने जुळतात. म्हणून १९ वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा भेटतात, कधी एखाद्या दिवसाने चुकामूक होते. २००६ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२५ सालीही २७ ऑगस्टलाच.

यातून एकाच घटनेचे दोन दिवस तयार होतात. डॉ. आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला. मुद्दाम निवडलेला दिवस होता तो, अशोक विजयादशमीचा. पुढल्या वर्षीपासून दशमी एकीकडे आणि १४ ऑक्टोबर दुसरीकडे. दीक्षाभूमीवर दोन्ही दिवशी लोक येतात.

६. सरकलेल्या तारखा

तिथी सरकते हे आपल्याला माहीत असतं. इंग्रजी तारीख पक्की, असं मात्र आपण मानतो. तीही सरकलेली आहे.

ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरात वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं धरलं होतं, म्हणून दर चार वर्षांनी एक दिवस जास्त. खरं वर्ष त्याहून ११ मिनिटांनी लहान. अकरा मिनिटांचं काय एवढं? पण १२८ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. ईस्टरचा दिवस ठरवायला आधार धरलं जाणारं साल ३२५. तिथपासून १५८२ पर्यंत १२५७ वर्षं, म्हणजे जवळपास दहा दिवस. पोप तेरावा ग्रेगरी याने ते दहा दिवस काढून टाकले. ४ ऑक्टोबर १५८२ च्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर आला. स्पेनमधली संत तेरेसा नेमकी त्या रात्री वारली. दुसऱ्या दिवशी तिला पुरलं, तेव्हा तारीख १५ होती.

कॅथलिक देशांनी हे मानलं. इंग्लंडने मानलं ते १७५२ मध्ये, रशियाने १९१८ मध्ये. मधल्या काळात एकच दिवस दोन देशांत दोन तारखांचा होता. शेक्सपिअर आणि ‘डॉन किहोते’चा लेखक सर्व्हान्टिस २३ एप्रिल १६१६ या एकाच दिवशी गेले असं सांगतात, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन पाळतात त्यात याही समजुतीचा वाटा आहे. पण शेक्सपिअरची तारीख जुन्या इंग्लंडची. स्पेनच्या हिशोबाने तो ३ मे ला गेला. आणि सर्व्हान्टिस बहुधा २२ लाच गेला होता, २३ ला त्याला पुरलं. तारीख जुळली, दिवस जुळला नाही.

गॅलिलिओ गेला त्याच वर्षी, १६४२ मध्ये, न्यूटन जन्मला, हेही असंच. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा, पण इंग्लंडच्या कॅलेंडरने. गॅलिलिओचा मृत्यू इटलीच्या. दोघांना एकच कॅलेंडर लावलं तर न्यूटन ४ जानेवारी १६४३ चा ठरतो आणि वर्षच बदलतं.

शिवकाळात कोकण किनाऱ्यावर हाच घोळ होता. गोव्याचे पोर्तुगीज नवं कॅलेंडर पाळत, सुरत-मुंबईचे इंग्रज जुनं. रायगडावर राज्याभिषेक झाला तो ६ जून १६७४ रोजी, हे जुन्या कॅलेंडराने. त्या दिवशी पणजीकडे लिहिलेल्या कागदावर १६ जून पडला असता. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ही तिथी मात्र दोघांसाठी एकच.

महाराजांच्या जन्माचा वाद आपल्याला ठाऊक आहे. एका परंपरेने वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७. दुसरीने फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. या दुसरीचा आधार जेधे शकावली, आणि ती उजेडात आणण्यात टिळकांचा हात होता. ज्योतिर्गणितावरून वेदांचा काळ काढायला ‘ओरायन’ लिहिणारा आणि पंचांग शुद्ध करायला झटणारा माणूस त्या शकावलीकडे दुर्लक्ष करणं शक्यच नव्हतं. सरकारने १९ फेब्रुवारी मान्य केली. ती १६३० ची, पण जुन्या कॅलेंडराची. आजच्या कॅलेंडराने तो दिवस १ मार्च. तेव्हा शिवजयंती दोनदा का, असं कुणी विचारलं तर तिसरीही निघू शकते, एवढं सांगून मी बाजूला होतो.

ग्रेगरीने पुढची चूक टाळायला एक नियम घातला. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जात असेल तरच ते लीप वर्ष. २००० लीप होतं, १९०० नव्हतं. या नियमाचा चटका मोरारजी देसाईंना बसला. ते २९ फेब्रुवारी १८९६ चे. चौथ्या वर्षी, १९०० मध्ये, २९ फेब्रुवारी आलीच नाही. पहिला खरा वाढदिवस त्यांना आठव्या वर्षी, १९०४ मध्ये, मिळाला. ते ९९ वर्षं जगले, मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, देशाचे पंतप्रधान झाले. आणि १९९५ च्या एप्रिलमध्ये गेले तेव्हा त्यांच्या खात्यावर २९ फेब्रुवारीचे वाढदिवस जमा होते तेवीस.